बोटीवर कुणाला घेतोस

रत्नागिरी
कार्तिक शुद्ध द्वादशी

चि. बाबू यास,


अटलांटिक ओलांडायला तुझ्याबरोबर तुझा शाळेतला मित्र येत नाही, आणि त्याच्या जागी तू लास पाल्मासच्या धक्क्यावर भेटलेल्या एका माणसाला बोटीवर घेतलं आहेस, असं तुझा मावसभाऊ काल फोनवर सहज बोलून गेला. ओळख म्हणे दोन दिवसांची. शिवाय हा गृहस्थ या मोसमात आधीच दोन बोटींवरून उतरलेला आहे. मावसभावाला यात विशेष काही वाटलं नाही. मला रात्री झोप लागली नाही. तुझ्या आईला हे ठाऊक नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही, पण मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. त्या माणसाबरोबर तू एक तरी रात्र समुद्रात काढली आहेस का?

लास पाल्मास मला नवीन नाही. आमची जहाजं तिथे बंकर, म्हणजे इंधन, घ्यायला लागायची. नोव्हेंबरात तिथे शिडाच्या छोट्या बोटींची जत्रा भरते. पाठीवर सॅक घेतलेली पोरं-पोरी या बोटीवरून त्या बोटीकडे जागा आहे का विचारत हिंडतात, लाँड्रीच्या भिंतीवर चिठ्ठ्या डकवलेल्या असतात. सगळ्यांना एकाच सुमाराला निघायचं असतं. 1990 पासून दरवर्षी मोठा ताफा तिथून सेंट लुशियाला निघतो. तो निघाला की मागे राहिलेल्यांना वाटतं, आपली गाडी चुकली. त्या घाईत माणसं घेतली जातात. इथे मिरकरवाड्यात तेच होतं. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते, 1 ऑगस्टला समुद्रात जायचं असतं, खलाशी पुरत नाहीत, मग मालक उचल देऊन मिळेल त्याला घेतो. दोन महिन्यांनी तोच मालक माझ्या ओसरीवर बसून त्या खलाशाच्या नावाने बोटं मोडतो.

पण त्याला 1 ऑगस्ट चुकवून चालत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. तुला कोणती तारीख चुकवून चालणार नाही? पलीकडचा वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो. व्यापारी वारे डिसेंबरात स्थिरावतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत चांगले वाहतात. महिनाभर थांबलास तर मरीनाचं भाडं जाईल, सुट्टी जाईल. मरीनाचं भाडं मी देतो. हे मी उगाच लिहीत नाही, मामीला विचारूनच लिहितो आहे.

1883 साली सिडनीच्या एका वकिलाने इंग्लंडात ‘मिन्योनेट’ नावाची यॉट विकत घेतली. ती ऑस्ट्रेलियाला पोचवायची होती. एवढ्याशा बोटीवर एवढ्या लांब यायला माणसं मिळेनात. शेवटी टॉम डडली कप्तान, दोन जाणते खलाशी, आणि चौथा रिचर्ड पार्कर नावाचा 17 वर्षांचा अनाथ पोरगा, ज्याने खोल समुद्र कधी पाहिला नव्हता. 19 मे 1884 रोजी साउथहॅम्प्टन सोडलं, 5 जुलैला दक्षिण अटलांटिकमध्ये लाटेने बोट बुडवली. चौघं एका होडक्यात, जवळ सलगमचे दोन डबे, प्यायला पाण्याचा थेंब नाही. पोरगा समुद्राचं पाणी प्यायला, आजारी पडला, आणि त्यांनी त्याला मारून खाल्लं. उरलेल्या तिघांना 29 जुलैला एका जर्मन जहाजाने उचललं. पुढचा खटला कायद्याची पोरं आजही शिकतात, की जीव वाचवायला केलेला खून माफ होतो का. मला त्या खटल्यापेक्षा भरतीचा दिवस डोळ्यांपुढे येतो. माणसं मिळत नव्हती म्हणून एक कोवळं पोर घेतलं, आणि त्याला नको म्हणायला मागे आई ना बाप.

तुझं असं काही होणार नाही, हे मला कळतं. तुझ्याकडे लाइफराफ्ट आहे, संकटात इशारा पाठवणारं ईपर्ब आहे, सॅटेलाइट फोन आहे. पण रात्री दोन वाजता सुकाणूवर कोण बसलंय, हे ईपर्बला कळत नाही. तू खाली गाढ झोपलेला असशील. वारा मागून येतोय, मेन शीड पूर्ण उघडं आहे, आणि वरच्या माणसाचा डोळा लागला. बोट जराशी वळली की शिडाखालचा आडवा दांडा, बूम, एका बाजूचा दुसऱ्या बाजूला असा येतो की मध्ये डोकं असेल तर खेळ खलास. आणि कुणी पाण्यात पडला तर? तुझी बोट 6 नॉटने जात असेल, म्हणजे मिनिटाला सुमारे 185 मीटर. तू उठून, डोळे चोळून वर येईपर्यंत ते डोकं तुला लाटांत दिसणार नाही. म्हणून अंधार पडला की डेकवर बांधलेल्या जॅकलाइनला पट्टा अडकवल्याशिवाय कुणी कॉकपिटच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, स्वतः स्किपरनेसुद्धा नाही. आणि वारा वाढतोय असं वाटलं की मला उठव, दहादा उठव, हे त्याला निघण्याआधी सांगायचं. स्किपरला उठवायला जो लाजतो, किंवा ज्याला मी एकटा सांभाळीन असं दाखवायची हौस आहे, तो कितीही जाणता असो, मला त्याची भीती वाटते.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. तुझ्या आईला ठाऊक आहे, तुला बहुधा नसेल. मी नुकताच ज्युनिअर इंजिनिअर झालो होतो, आमचं जहाज लास पाल्मासला दोन दिवस होतं. यॉटच्या धक्क्यावर एक डॅनिश म्हातारा इंजिन उघडून बसला होता. मी हात लावला, इंजिन चालू झालं. त्याने कॉफी दिली आणि बार्बाडोसपर्यंत येतोस का म्हणून विचारलं. माझा अनुभव विचारला नाही. एवढंच विचारलं, की झोपेतून उठवलं तर तुला राग येतो का? मी नाही म्हटलं. तर म्हणाला, आज रात्री बेटाच्या पलीकडे जाऊन येऊ, सकाळी तू मला सांग आणि मी तुला सांगतो.

मी गेलो नाही. बार्बाडोसला जाणं शक्यच नव्हतं. आर्टिकल्सवर सही केलेली, तुझ्या आजोबांच्या, आबांच्या, डोक्यावर कर्ज, वैशाखात तुझ्या आईचं लग्न. त्याचं मला वाईट वाटत नाही, त्या लग्नामुळे तर तू आहेस. पण ती एक रात्र माझी होती. ड्यूटी नव्हती, जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी सुटणार होतं. मी केबिनमध्ये पडून राहिलो. पुढे सगळा जन्म समुद्रावर गेला, पण इंजिनाच्या आवाजात. शिडाखाली मी एकही रात्र काढलेली नाही, बाबू. तेव्हा हे पत्र तुला मागे ओढायला लिहिलेलं नाही. तू जावंस असं या घरात कुणाला सगळ्यांत जास्त वाटत असेल, तर ते मला वाटतं.

म्हणून पुन्हा विचारतो. त्या माणसाबरोबर एक रात्र काढलीस का? नसेल तर काढ. ग्रान कनारियाला वळसा घाल नाहीतर टेनेरिफला जाऊन ये. या बेटांच्या मधल्या पट्ट्यात वारा एकाएकी दहा-पंधरा नॉटने चढतो, तेच तुला हवं आहे. त्याला रात्रीची पाळी दे. ओकाऱ्या होऊ देत, त्या कुणालाही होतात, पण ओकून झाल्यावर तो काय करतो ते बघ. शीड कमी करायला तुझ्या हाकेची वाट बघतो का, कप विसळून ठेवतो का, सकाळी तुझ्याशी कसा बोलतो.

आता ते दोन बोटींवरून उतरल्याचं. फोनवर ऐकलं तेव्हा माझं रक्त तापलं होतं, पण रात्री विचार केला. बोटी वाईट असतील. स्किपर दारुडा असेल, लाइफजॅकेट नसतील, मग जो उतरला तो शहाणाच. तेव्हा त्याला सरळ विचार, का उतरलास. दोन्ही स्किपर त्याच धक्क्यावर असतील तर त्यांनाही विचार. तिघांची गोष्ट तंतोतंत जुळावी असं नाही, पण दोन्ही वेळा सगळा दोष दुसऱ्याचाच असं तो म्हणाला तर सावध हो. आणि औषधांचं विचार, फिट येते का, साखर आहे का, मनासाठी काही गोळ्या घेतो का. लाजू नकोस, आधी तुझं सांग म्हणजे तोही सांगेल.

कारण तोही तुला निवडतोच आहे. तुझी बोट 36 फुटांची, चाळीस वर्षं जुनी. त्याला तुझ्याबद्दल काय ठाऊक आहे? मला ठाऊक आहे. तुझ्यात आबांचा अबोला आलेला आहे. गेल्या दिवाळीत वडिलांशी वाजलं तेव्हा तू ताट खोलीत नेऊन जेवत होतास, आणि तुझी आई दाराबाहेर उभी. घरात ते चाललं, घराला मागचं दार आहे. बोटीवर तुझं तोंड बंद झालं तर त्या माणसाने जायचं कुठे? राग आला तर बोल, ओरड, शिवी दे, पण पुढची पाळी सुरू व्हायच्या आत बोल. रात्री तीन तास पाळी आणि सहा तास झोप, असं तिघांत बसतं. पण तीन माणसांतली दोन एकमेकांशी बोलेनाशी झाली, की तिसरी, म्हणजे तुझ्या बोटीवरची ती आयरिश मुलगी, निरोप पोचवून थकेल. तिचा विचार कर. या नव्या माणसाबद्दल तिला काय वाटतं, हे तू तिला एकटीला विचारलंस का? ती नको म्हणाली तर नको. तिथे तुझं मत धरायचं नाही.

अनोळखी माणूस घेऊच नये, असं मी म्हणत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने मुंबईत सागवानी ‘सुहैली’ बांधून घेतली, 32 फुटी, आणि 1965 साली इंग्लंडला निघाला तेव्हा सोबत सख्खा भाऊ आणि एक मित्र होते. केपटाउन ते लंडन 74 दिवस ती तीन माणसं न थांबता आली. असं नशीब सगळ्यांना नसतं. आपल्या नौदलाच्या ‘तारिणी’वरून जगाला फेरी मारणाऱ्या सहा मुली कुठे एकमेकींच्या बहिणी होत्या? पण 2017 च्या सप्टेंबरात गोवा सोडण्याआधी त्या ‘म्हादेई’ या दुसऱ्या बोटीवर मॉरिशस, केपटाउन करून आल्या होत्या. 2018 च्या मेमध्ये सहाच्या सहा परत आल्या. तुझ्यापाशी तेवढा वेळ नाही, हे मला कळतं. म्हणून तर एक रात्र म्हणतो आहे.

आणि एक सुचतं. सरळ सेंट लुशियाला जाऊ नकोस, ते 2,700 मैल आहेत. आधी केप व्हर्देला मिंडेलोला जा. साडेआठशे मैल, आठवड्याभरात पोचाल. तिथे विमानतळ आहे. पटलं नाही तर चांगल्या शब्दांत निरोप द्यायचा, तिकिटाचे पैसे द्यायचे. हे निघण्याआधीच दोघांनी ठरवून ठेवायचं, म्हणजे कुणाचा अपमान होत नाही. मिंडेलो सोडल्यावर उरतात एकवीसशे मैल, वारा आणि प्रवाह दोन्ही मागून, तेव्हा परत फिरणं नाही. त्याच्या पासपोर्टची नोंद आणि परतीच्या तिकिटाचे पैसे आधीच ताब्यात ठेव, पलीकडच्या बऱ्याच बेटांवर क्रूला परत पाठवायची जबाबदारी स्किपरच्या गळ्यात असते. पाणी माणशी रोज 3 लिटर, तिघांना 21 दिवसांचं 189, त्याच्या दीडपट भर, आणि एकाच टाकीत नको, कॅनमध्येही. पुढचं तुला माझ्याहून जास्त कळतं.

फार बोललो. तुझं मन दुखावलं असेल. लहानपणी भाट्याच्या खाडीत होडी उलटली तेव्हा तू रडला नव्हतास. वल्हं वाहून गेलं म्हणून माझ्यावर चिडला होतास. तेव्हाच मी मामीला म्हटलं होतं, हा जाणार. मामीने मेतकूट, आमसुलं आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून ठेवल्यात. तुझ्या मावसभावाचा मित्र पुढच्या आठवड्यात माद्रिदला जातोय, त्याच्याकडे देतो. तीन माणसांच्या हिशेबाने बांधल्या आहेत. आमसुलाचं पाणी ओकारीवर बरं पडतं, त्या दोघांनाही दे.

सॅटेलाइट फोनवरून मध्यरात्री केलास तरी मी उचलीन, आताशा झोप तशीही कमी लागते. फक्त ‘ठीक’ एवढं म्हणालास तरी पुरे. आणि त्या माणसाचं नाव मला कळव. त्याचंही घरी कुणी वाट बघणारं असेल, आई असेल. माझा नंबर त्याला दे, त्यांनाही द्यायला सांग. तुमचा फोन लागला नाही तर त्यांनी मला करावा. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, काहीतरी करून मी त्यांना समजावीन.

तुझा,
मामा