लग्नमंडपापूर्वीचा हिशेब

अभ्यासासाठी शास्त्रभाग: लूक १४:२८–३०; योहान २:१–११

मुळशी खोऱ्यातील भात झोडून घरात आले आणि नाताळचा सण सरला, म्हणजे पौडपासून ताम्हिणीपर्यंत लग्नाच्या बोलण्यांस आरंभ होतो. जूनमध्ये ह्या मावळपट्टीत पाऊस धरला की मांडव घालणे कठीण; म्हणून सारी घाई मधल्या चार-पाच महिन्यांतच. घाईघाईने तारीख ठरते, कार्यालय ठरते, पत्रिका छापल्या जातात. परंतु ज्या दोघांचे लग्न, त्यांचे एकमेकांशी मोकळे बोलणे मात्र राहून जाते. येत्या हंगामात ज्यांचे लग्न व्हावयाचे आहे, त्यांच्यासाठी व त्यांच्या आईबापांसाठी हा धडा आम्ही लिहीत आहो.

बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभूने सांगितले. संसार हा बुरुजाहून मोठा होय. मग त्याचा हिशेब नको काय?

१. बोलणे आधी, तारीख मागून. वराचे वय २१ वर्षे व वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे, हा कायदा सर्वांस ठाऊक आहे. परंतु वय भरले म्हणजे संमती मिळाली असे नव्हे. मुलीला एकान्ती विचारावे, आणि तिचे "नाही" हे नाहीच समजावे. मग दोघांनी एकत्र बसून पुढील गोष्टी बोलाव्यात: कोठे राहणार? पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कचेरीत ती कामास जात असेल, तर ते काम पुढे चालणार काय? पगार कोणाच्या हाती राहणार? कोणावर कर्ज आहे काय? जुने दुखणे आहे काय? दोन्हीकडच्या वृद्ध आईबापांस कोण पाहणार? ही बोलणी अवघड वाटतात. पण लग्नानंतर ती अधिकच अवघड होतात.

२. देणेघेणे. मे २०२५ मध्ये आमच्या ह्याच तालुक्यातील एका सुखवस्तू घरची तरुण सून मरण पावली. लग्नात ५१ तोळे सोने व मोठी मोटारगाडी दिली होती, तरी मागणी थांबली नाही, असे तिच्या माहेरच्यांनी सांगितले. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. पण त्या बातमीने सारा महाराष्ट्र हळहळला, आणि मराठा समाजातील अनेकांनी हुंडा नको, लग्न साधे व्हावे, अशी आचारसंहिता पुढे मांडली. आम्ही ख्रिस्ती लोकांनी 'हे आमच्यात नाही' असे म्हणून स्वस्थ बसू नये. आमच्यात ते 'मानपान' आणि 'मुलीच्या हौसेचे' ह्या नावांनी येते. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. न मागता प्रेमाने जी भेट येते, तिचीही यादी वधूने व वराने आपापली लिहून ठेवावी, असा १९८५ चा नियम आहे. ही यादी अविश्वासाची खूण नव्हे. वधूचे ते वधूचेच राहावे म्हणून ती आहे.

३. खर्च. समजा, लग्नासाठी तीन लाख रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने काढले. वर्षाचे नुसते व्याज ७२,००० रुपये झाले. म्हणजे दरमहा ६,००० रुपये, आणि मुद्दल जसेच्या तसे. नव्या जोडप्याचा पहिला पाहुणा सावकार व्हावा काय? ह्या तालुक्यात जमिनीचे भाव चढल्यापासून लग्नापायी भातखाचर विकण्याचा मोह होतो. मांडव एक दिवसाचा. विकलेले खाचर परत येत नाही. म्हणून आधी हाती असलेला पैसा मोजावा, मग पाने मोजावीत, आणि त्याप्रमाणे पाहुणे बोलवावेत. काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला, तेव्हा प्रभूने यजमानास दोष दिला नाही. मग आपल्या घरचा वरणभात साधा असला तर लाज कसली? पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न झाले. ते सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने, भटजीवाचून, हुंड्यावाचून व अगदी थोड्या खर्चात झाले. दीडशे वर्षे लोटली, तरी त्याची आठवण लोक मानाने काढतात. किती ताटे उठली हे कोणी विचारीत नाही.

४. नोंद. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याप्रमाणे होतो. पाळकसाहेबांस लेखी सूचना वेळेवर द्यावी. आदल्या आठवड्यात धावत जाऊ नये. विवाहप्रसंगी पाळकाशिवाय दोन साक्षीदार हजर हवेत, आणि नोंदवहीत वधूवरांच्या सह्या हव्यात. नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहिली आहे काय, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. दोघे निरनिराळ्या धर्मांचे असून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असतील, तर विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. विवाहाचा दाखला घरात जपून ठेवावा. वैधव्य आले किंवा वारसाचा प्रश्न निघाला, म्हणजे त्या एका कागदाची किंमत कळते.

शेवटी मंडळीतील वडीलधाऱ्यांस एक विनंती. गरीब घरच्या साध्या लग्नास आपण आवर्जून जावे आणि जेवणाविषयी मागे बोलू नये. पुष्कळ कर्जे हौसेने नव्हे, तर आपल्या जिभेच्या भीतीने काढली जातात.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या गावी गेल्या हंगामातील कोणत्या खर्चावाचून लग्न अडले नसते?
२. मुलीची खरी इच्छा कळावी म्हणून घरात कोणी व कसे विचारावे?
३. साधे लग्न करणाऱ्या घरास आपली मंडळी भांडी, मंडप व श्रम यांनी कोणते साह्य करू शकेल?