हॉप्सची कडू द्रव्ये आणि स्थूल शरीरातील प्रतिकारशक्ती

प्रश्न : बिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या हॉप्समुळे स्थूल व्यक्तींची प्रतिकारशक्ती सुधारते का?

उत्तर : स्थूलपणात प्रतिकारशक्ती केवळ दुबळी होत नाही, तर तिची दिशाच चुकते, फुगलेल्या चरबीत महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, गोळा होतात आणि तेथून इंटरल्यूकिन-६ सारखी दाह वाढवणारी संदेशद्रव्ये सतत झिरपत राहतात. हॉप्सच्या मादी फुलोऱ्यात खवल्यांच्या बुडाशी जी चिकट पिवळी पूड असते, तिच्यातील झँथोह्युमॉल हे द्रव्य पेशींतील दाहाचे संकेत रोखते, असे प्रयोगशाळेत आढळले असून, अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात चरबीयुक्त आहारावरील उंदरांच्या रक्तातील इंटरल्यूकिन-६ त्यामुळे घटले. जपानमध्ये हॉप्सच्या मुरवलेल्या कडू आम्लांनी जादा वजनाच्या माणसांची पोटातील चरबी 12 आठवड्यांत काहीशी कमी झाली. मात्र चरबी घटणे म्हणजे संसर्गाशी लढण्याची ताकद वाढणे नव्हे, हा फरक जाहिराती सोयीस्करपणे गाळतात. बिअरचा आधार तर घेऊच नये, कारण ती बनवताना उकळण्याच्या टप्प्यात बहुतांश झँथोह्युमॉलचे आयसोझँथोह्युमॉल होऊन जाते, आणि अतिमद्यपान स्वतःच प्रतिकारशक्ती खच्ची करते.