साथीच्या दिवसांतील परिचारिका आणि गावाबाहेरची वस्ती

"साथीला जात कळत नाही" हे वाक्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. कोविडच्या दिवसांत आम्हीही ते व्यासपीठावरून दोनचारदा उच्चारले. त्यात सत्य आहे, परंतु अर्धेच आहे. जंतूस जात कळत नाही, हे खरे. पण पाण्याची घागर, अंथरुणाची जागा, बुडालेली मजुरी व दवाखान्याची वाट ह्यांस ती पुरती कळते, आणि आजारी मनुष्य उठतो की जातो हे पुष्कळदा त्यांवरच ठरते. म्हणून ह्या आठवड्याच्या अभ्यासासाठी आम्ही हा विषय घेतला आहे की, साथ आली असता समाजासमाजांत मृत्यूचा जो भेद पडतो, तो कमी करण्यास घरोघर फिरणारी परिचारिका काय करू शकते.

प्रथम एक जुना हिशोब पाहू. 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ जून महिन्यात मुंबई बंदरात उतरली, मध्यंतरी ओसरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिल्याहून कितीतरी क्रूर होऊन परतली. 6 ऑक्टोबर ह्या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. आपल्या खेड्यांत तिला मानमोडी म्हणत. सगळ्या हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबईत ह्या साथीच्या मृत्यूंचा हिशोब समाजवार ठेवला गेला, तो असा: दर हजार माणसांमागे युरोपियन 8.3, पारशी 9, अँग्लो-इंडियन 11.9, हिंदी ख्रिस्ती 18.4, वरच्या मानलेल्या जातींचे हिंदू 18.9, मुसलमान 19.2, आणि खालच्या मानलेल्या जातींचे हिंदू 61.6.

हा शेवटला आकडा वाचकांनी कृपा करून पुन्हा वाचावा. शहर तेच, महिने तेच, जंतू तोच. आणि एका समाजाचा मृत्यू दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक, युरोपियनांच्या तर सात पटींहून अधिक. हिंदी ख्रिस्ती लोकांचा आकडा पाहून आपल्यापैकी कोणी संतोष मानू नये. मुंबईच्या ख्रिस्ती समाजात गोव्याकडचे व वसईकडचे लोक पुष्कळ होते. महारवाड्या-मांगवाड्यांतून उभ्या राहिलेल्या आपल्या खेड्यांतील मंडळ्यांचा हिशोब त्यात नाही.

हा भेद कोठून आला? रक्तातून आला नाही. औषधातूनही आला नाही, कारण इन्फ्लुएन्झावर त्या काळी कोणाजवळही औषध नव्हते. लक्षाधीशाच्या डॉक्टराजवळही नव्हते. मग ज्याचे घर मोठे तो अधिक का वाचला? त्यास निजून राहता आले, हे एक मोठे कारण होय. त्यास पाणी देणारे कोणी होते. पेज करून घालणारे, घामाने भिजलेले वस्त्र बदलणारे, खिडकी उघडणारे, ताप उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर जाऊ न देणारे कोणी होते. गिरणीमजुराच्या चाळीत एका खोलीत आठदहा माणसे, आणि सर्वच तापाने पडलेली. त्या वर्षी पाऊसही फसला होता व धान्य महाग झाले होते. अशा खोलीत पाण्याचा पेला कोणी कोणास द्यावा? जेथे औषध नाही तेथे शुश्रूषा हेच औषध होय, आणि ते औषध सर्वांत कमी ज्यांस मिळाले ते सर्वांत अधिक मेले. आपल्या देशात त्या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या, हेही येथे सांगितले पाहिजे. घरातील सर्वांची उशागती करणारी तीच, शेवटी उरलेले खाणारीही तीच. ती स्वतः पडली म्हणजे तिच्या उशाशी बसण्यास कोणी उरत नसे.

आता परिचारिकेविषयी. मिरजेस डॉ. वानलेस ह्यांनी 1894 साली रुग्णालय उघडले आणि 1897 साली तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. परक्याचे रक्त, पू व मलमूत्र हातांनी काढणे विटाळाचे मानले जात असल्यामुळे प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरच्या मुली ह्या कामाकडे वळत नसत. म्हणून आरंभीची कित्येक वर्षे हिंदुस्थानातील परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भरणा फार मोठा होता. ज्या हातांस समाजाने शिवू नये म्हटले तेच हात पुढे सर्वांच्या जखमा धूत होते. परंतु अशा स्त्रिया होत्या किती? 1946 साली भोर समितीने हिशोब मांडला तेव्हा देशात 43,000 माणसांमागे एक परिचारिका पडत होती. शिवाय रुग्णालयातील परिचारिका आणि सार्वजनिक आरोग्याची परिचारिका ह्यांत एक भेद आहे, तो नीट लक्षात घ्यावा. पहिलीकडे रोगी येतो. दुसरी रोग्याकडे जाते, आणि जो अद्याप रोगी झालेला नाही त्याच्याकडेही जाते. जेथे येण्याचीच सोय, हिंमत किंवा भाडे नाही तेथे पहिली कितीही दयाळू असली तरी ती पोहोचत नाही.

पण घरात जाणे म्हणजे केवळ उंबरा ओलांडणे नव्हे, हे समजण्यासाठी मानमोडीच्याही मागे, प्लेगच्या वर्षांकडे जावे लागेल. 1896 साली प्लेग मुंबईस आला व पुढील वर्षी पुण्यास पसरला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधू लागले; त्या झडत्यांनी लोक इतके चिडले व भ्याले की त्यांनी आजारी माणसे लपविली, आणि 22 जून रोजी प्लेग कमिशनर रँड ह्यांस गोळी घालण्यात आली. मुंबईत निरनिराळ्या जातींनी आपापले स्वतंत्र प्लेग-दवाखाने काढले. ज्या जातीत शेटसावकार नाहीत तिचा दवाखाना कोणी काढावयाचा, हा प्रश्न मात्र उरलाच.

त्याच वर्षी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई फुले ह्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलास गाठ आल्याचे कळताच सावित्रीबाई स्वतः तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांस प्लेग झाला व 10 मार्च 1897 रोजी त्या निवर्तल्या. त्या शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. आजची परिचारिका संसर्गापासून स्वतःस जपूनच काम करील, व तेच योग्य आहे. परंतु एकाच वर्षी, एकाच रोगात, रोग्याच्या दारी गेलेल्या ह्या दोन रीती शेजारी ठेवून पाहाव्या. एकीपासून लोकांनी रोगी लपविले. दुसरीच्या पाठीवर एक आजारी लेकरू दवाखान्यात आले.

आमच्या कोल्हापुरापुरते बोलावयाचे तर 1919 साली, म्हणजे मानमोडीच्या पाठोपाठच, शाहू छत्रपतींनी आज्ञा काढल्या की संस्थानातील सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व पाणवठे येथे शिवाशीव पाळली जाऊ नये. अस्पृश्य मानलेल्या माणसांस समतेने वागविणे ज्या अधिकाऱ्यास साधणार नाही त्याने नोकरी सोडावी, त्यास पेन्शन मिळणार नाही. दवाखान्याचे दार ह्याप्रमाणे कायद्याने उघडले. तरी दारापर्यंतची वाट उरते, आणि ती चालणे परिचारिकेचे काम.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत जातीच्या जागी वर्ण आहे. न्यूयॉर्क शहरात काळ्या लोकांत क्षयाने फार माणसे मरत, आणि गोऱ्या परिचारिकेचे ते ऐकत नसत. म्हणून 1900 साली तेथील एका धर्मादाय संस्थेने जेसी स्लीट नावाच्या काळ्या परिचारिकेस प्रयोगादाखल दोन महिन्यांकरिता नेमले. दोन महिन्यांअंती तिने आपला अहवाल दिला: 41 आजारी कुटुंबे पाहिली, 156 भेटी दिल्या, पुढे क्षयाचे किती, घटसर्पाचा किती, अशी साधी मोजदाद. भाषण नाही, तक्रार नाही. तिला पुढे कायम करण्यात आले. आम्हांस त्या अहवालात दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. ज्या वस्तीचा विश्वास मिळवावयाचा तिच्यातीलच स्त्री त्या कामावर असावी, ही एक. एका घरी एक भेट पुरत नाही, ही दुसरी. भागाकार केला तर प्रत्येक कुटुंबास जवळजवळ चार भेटी पडतात.

आता 2020 सालाकडे येऊ. अमेरिकेत कोविडच्या मृत्यूंचा हिशोब वर्णवार ठेवला गेला, आणि वयाचा फरक काढून टाकला असता त्या वर्षी काळ्या लोकांतील मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाले. हे कळल्यामुळेच तेथील परिचारिकांस आपले बळ कोठे लावावे हे ठरविता आले. आपल्या सरकारी आकड्यांत जिल्हा, वय व लिंग सापडते. कोणत्या समाजाची किती माणसे गेली ते सापडत नाही. परक्या राज्यातील मुंबईने 1918 साली जे मोजले ते स्वराज्यात आपण मोजले नाही, ह्याचा आम्हांस खेद वाटतो. मोजले नाही म्हणजे भेद नव्हता असे होत नाही. म्हणून येथे आम्ही आकडा देत नाही. डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदी होती. बीडकडील ऊसतोडणी कामगार कारखान्यांच्या हद्दीत अडकून पडले होते. राज्यात अशी माणसे एक लाखाहून अधिक होती, आणि त्यांस घरी जाण्याची परवानगी त्या महिन्याच्या मध्यानंतर मिळाली. आमच्या मंडळीने धान्याची काही पोती जमविली होती व आम्ही ती एका गावी नेली. गावाने वेशीवर काट्या टाकून रस्ता बंद केला होता. तोडणीची टोळी वेशीबाहेर फडाच्या कडेला खोपी घालून राहिली होती. उपकेंद्राची आरोग्यसेविका व तिच्याबरोबरची आशाताई तेथेच भेटल्या. सेविकेने आमच्या हातातील यादी पाहिली. ती मंडळीच्या घरांपासून सुरू होत होती, पुढे गावातील ओळखीची घरे, आणि खोपी सर्वांत शेवटी, "उरल्यास" असे लिहून. ती एवढेच म्हणाली, "पाळकसाहेब, ही यादी उलटी धरा." आम्हांस लाज वाटली व आम्ही ती उलटी धरली.

मग तिने काय केले ते पाहावे. हात धुण्याचा उपदेश तिच्या पिशवीत छापील होता, परंतु तिने तो काढलाच नाही. पाणी कोठून आणता, असे तिने प्रथम विचारले. गावचा नळ टोळीस बंद झाला होता, आणि बाया दूरच्या विहिरीवरून पिण्यापुरते आणीत होत्या. ती माघारी सरपंचांकडे गेली व दुपारचे दोन तास नळ टोळीस मोकळा करून घेऊनच परत आली. तेव्हा कोठे साबणाचा विषय निघाला. नंतर रजिस्टर उघडले. ह्या माणसांची नावे गावच्या यादीत नव्हती, कारण ती गावची नव्हती. आपल्या गावच्या यादीतही त्यांची विचारपूस होत नव्हती, कारण ती तेथे नव्हती. तिने मागचे कोरे पान घेतले आणि खोपीखोपीने नावे लिहिली. सात महिन्यांची एक गरोदर बाई निघाली; तिचे कार्ड बीडकडे घरी राहिले होते. ताप मोजण्याचे काम सर्वांत शेवटी झाले. मुकादमास विचारून नव्हे, तर बायांजवळ बसून तिने माहिती घेतली, हेही आम्ही पाहिले.

पुढील वर्षी लस आली, तेव्हा तीच अडचण नव्या रूपाने उभी राहिली. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयाच्या लोकांस मोबाइलवर आगाऊ नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नसे. शहरातील शिकलेली मुले खेड्यांतील केंद्रांवर नंबर लावून मोटारीने येत, आणि त्या गावची माणसे ओट्यावर बसून पाहात. त्या महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर जागेवरच नाव लिहून घेण्याची मोकळीक झाली. नोव्हेंबर 2021 पासून घरोघर जाऊन लस देण्याची मोहीम निघाली. ज्यांस फोन नाही, वाचता येत नाही, एक दिवसाची मजुरी सोडवत नाही, त्यांच्यापर्यंत लस अखेर परिचारिकेच्या पायांनी पोहोचली. मधल्या जुलैत पंचगंगेचा पूर आला व शिरोळ-करवीरची कुटुंबे शाळांतून एकत्र राहिली. तेथेही रात्री खोकणाऱ्यास वेगळे निजविण्याचे काम ह्याच स्त्रियांकडे आले.

ह्या आशाताईंविषयी एक शब्द लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. हजार वस्तीमागे एक, अशा त्या 2005 सालच्या योजनेपासून नेमल्या गेल्या. पुष्कळ जणी त्याच वस्तीत राहणाऱ्या आहेत, म्हणजे न्यूयॉर्कने जे प्रयोगादाखल केले ते येथे प्रत्येक गावी उभे आहे. परंतु त्यांस पगार नाही, मानधन आहे. त्या नोकर नव्हेत, स्वयंसेविका आहेत, असे कागद म्हणतो. कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिना 1,000 रुपये अधिक ठरले होते. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव योग्यच झाला. तथापि ज्या कामाने मृत्यूचा भेद मिटावयाचा, त्या कामावरच्या बाईस सर्वांत कमी मोबदला द्यावा, हा भेदाचाच एक प्रकार होय, असे आमचे मत आहे.

2020 च्या दिवाळीच्या सुमारास हंगाम लागला व त्या गावी पुन्हा टोळी आली. आधीच्या सेविकेची बदली झाली होती. नव्या सेविकेने उपकेंद्रातील जुने रजिस्टर काढले, मागले पान उघडले, आणि ते काखेत मारून ती फडाकडे निघाली. आदल्या हंगामातील नावांपैकी चार कुटुंबे ह्या खेपेसही आली होती. त्यांतील एकीच्या खोपीत पाळण्यात पाचएक महिन्यांचे मूल होते, आणि त्याच्या लसी कोठवर झाल्या आहेत असे विचारत ती आत जाऊन बसली.