काट्याची पावती आणि राज्यशास्त्राचा वर्ग

गळिताचा हंगाम भरात असला म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढते, वजनाची पावती शेतकऱ्याच्या हाती पडते, आणि घरी आल्यावर मुलगी ती वहीत टाचून ठेवते. बारावीच्या निकालानंतर त्याच मुलीने ‘मला राज्यशास्त्र घ्यायचंय’ असे म्हटले, की ‘पुढारी व्हायचंय का तुला?’ असा प्रश्न वडिलांच्या तोंडून निघतो. आणि ज्या पंचक्रोशीत राजकारण म्हणजे कारखान्याची निवडणूक, तिच्यातली पॅनेले आणि त्यांपायी भावकीत पडलेली फूट, तेथे त्या प्रश्नात वडिलांचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.

परंतु ती पावतीच जरा निरखून पाहावी. तिच्यावरील टनामागे मिळणारी एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवते. साखर परदेशी किती जावी याचा हुकूमही दिल्लीहूनच सुटतो, जसा २०२२ साली सुटला आणि निर्यातीला मर्यादा पडली. आणि ऑस्ट्रेलिया, ब्राझील व ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताच्या ऊसदराविरुद्ध व निर्यातसाहाय्याविरुद्ध २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे जी फिर्याद गुदरली, तिचा निवाडा डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विरुद्ध गेला, तेव्हा जिनिव्हाच्या त्या दप्तरात ही एफआरपीच तपासली गेली होती. भारताने अपील केले. पण अपील मंडळावरील नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्यामुळे ते ऐकायला मंडळच उरले नव्हते. एका राष्ट्राला अशी अडवणूक करता यावी हे कसे घडते, आणि दुबळ्या राष्ट्राने अशा वेळी कोणाशी हातमिळवणी करावी, हाच राज्यशास्त्रातील आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचा गाभा होय.

या विषयाचा जगातील पहिला विद्यापीठीय विभाग पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे निघाला, असे पुस्तकांत वाचावयास मिळते, आणि ते खरेच आहे. मात्र त्याच्या दोनशे वर्षे आधी कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या काळात सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात, टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे उभे आहेत, तेव्हा त्यांच्याशी व्यवहार करावा तो जपून, असा इशारा दिलेला आहे. व्यापाराच्या आडून येणारी सत्ता इतक्या लवकर ओळखणारी ही दृष्टी आपल्याच मातीतली आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि आपल्या मुलांना हे शाळेत ठसठशीतपणे कोणी सांगत नाही याची खंतही वाटते.

आता पोटापाण्याचे. नुसत्या पदवीवर नोकरी मिळत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे, शिवाय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग याच अभ्यासाने सुटतो. पण जागा मूठभर, तेव्हा प्रयत्नांची वर्षे आधीच ठरवून घ्यावीत आणि ती संपल्यावर मागे वळून पाहू नये. प्राध्यापकीसाठी एम. ए. नंतर नेट किंवा सेट हवी. वकिली, वृत्तपत्रे, निवडणूक-सर्वेक्षण, स्वयंसेवी संस्था, या वाटाही खुल्या आहेत, आणि तेथे मान मिळतो तो आकड्यांचा तक्ता वाचता येणाऱ्याला व मराठी-इंग्रजी दोन्हींत नीट मसुदा लिहिणाऱ्याला. म्हणून इंग्रजीची भीती पहिल्याच वर्षी मोडावी. शिरोळ तालुक्यातील अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत रुजू झाले आणि न्यूयॉर्कच्या वकिलातीत कॉन्सल जनरल झाले. सर्वांना तेवढे साधणार नाही, परंतु खेड्यातून तेथवर रस्ता जातो एवढे त्यावरून निश्चित कळते.

बिद्रीतच दूधसाखर महाविद्यालय आहे, गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे, आणि पुढे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा राज्यशास्त्र अधिविभाग व ‘कमवा आणि शिका’ योजना. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी वडिलांनी मुलीला घेऊन एक दिवस त्या अधिविभागात जावे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात, तेथे शिकणाऱ्या दोघा-तिघांना, सर समोर नसताना, विचारावे. आणि परतीच्या एस. टी.त मुलगी काय बोलते ते ऐकावे.