सस्काटूनमध्ये नव्यानं आलात? आधी नदीवर या

सस्काटूनला आलेलं मराठी कुटुंब पहिल्या महिन्यात काय काय करतं, हे आम्हा जुन्या मंडळींना पाठ आहे. सिन नंबर, हेल्थ कार्ड, बँक, मुलांची शाळा, गाडी, आणि मग कढीपत्ता कुठल्या दुकानात ताजा मिळतो याची चौकशी. हे सगळं करायलाच हवं. पण शहर बघायचं मात्र ‘जरा स्थिरस्थावर होऊ दे’ म्हणून मागे पडतं. तोवर नोव्हेंबर येतो, बर्फ पडतो, आणि एप्रिलपर्यंत घर, ऑफिस आणि कॉस्टको एवढंच जग उरतं. इथं बरीच वर्षं काढलेल्या घरांना आम्ही विचारलं, नव्यानं येणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची झाली तर काय सांगाल? शब्द वेगवेगळे होते, पण रोख एकच होता: पहिल्याच आठवड्यात नदीवर जा, आणि पहिला हिवाळा घरात बसून काढू नका.

नदी म्हणजे साउथ सस्कॅचवान. रॉकी पर्वताकडून येणारं पाणी शहराच्या मधून वाहतं. दोन्ही काठ मोकळे आहेत, कारण १९७९ साली मीवासिन व्हॅली अथॉरिटी ही संस्था खास नदीकाठ जपण्यासाठी स्थापन झाली. आज काठाकाठानं १०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या पायवाटा आहेत. तिकीट नाही, फाटक नाही. गाडी नसली तरी डाउनटाउनला येणारी कुठलीही बस पकडा आणि बेसबरो हॉटेलच्या मागे उतरणीला लागा. १९३५ साली उघडलेलं हे गढीसारखं हॉटेल लांबूनही दिसतं. वाट चुकलात तर तेच खुणेला धरा. तिथून उत्तरेकडे काठानं चालत राहिलं की रेल्वेच्या पुलाजवळ बंधारा लागतो. लोक त्याला वीअर म्हणतात.

तिथं एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पांढरे पेलिकन असतात. समुद्र इथून हजारभर किलोमीटरहून जास्त दूर, त्यामुळे नवखा माणूस पहिल्यांदा चक्रावतो. बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यात ते मासे टिपत उभे असतात. बसलेले असताना पांढरेशुभ्र दिसतात, उडाले की पंखांची काळी किनार उघडते. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन मीटरच्या आसपास भरते. वसंत ऋतूत काहींच्या चोचीवर शिंगासारखा उंचवटा येतो, तो विणीच्या हंगामापुरता असतो आणि नंतर गळून पडतो. लहान मुलांना दुर्बीण द्या आणि अर्धा तास बसू द्या. वर्षाचे पहिले पेलिकन केव्हा परतले ही इथं बातमी असते.

पण नदीत उतरू नका. हे आम्ही हात जोडून सांगतो, कारण दरवर्षी उन्हाळ्यात वाळूचे पट्टे उघडे पडतात, पाणी घोट्याएवढं दिसतं आणि नदीकाठी वाढलेल्या आपल्या माणसालाही मोह होतो. वाळूच्या पट्ट्याची कड पायाखालून सुटते आणि पुढच्याच पावलाला खोल, ओढीचं पाणी असतं. वरच्या अंगाला सुमारे १०० किलोमीटरवर गार्डिनर धरण आहे. तिथून किती पाणी सोडलं यावर इथली पातळी बदलते. बंधाऱ्याखालचा भोवरा तर चांगल्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. पाण्यावर जायचंच असेल तर लाइफ जॅकेट घालून, जाणकारांबरोबर कयाकमधून जा, किंवा प्रेअरी लिली बोटीतून फेरी मारा. हिवाळ्यात नदी गोठलेली दिसते, पण बर्फाखाली प्रवाह चालू असतो. त्यावर चालायचं नाही, मुलांना तर अजिबात सोडायचं नाही.

थंडीचं काय?

उणे ३० इथं नवल नाही. १ फेब्रुवारी १८९३ ला या शहरात उणे ५० ची नोंद झाली आहे. तेव्हा थंडी नाकारण्यात अर्थ नाही, तिची रीत शिकून घ्यायची. आकडा बघताना तापमानाशेजारचा विंड चिल बघा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. गाल किंवा नाकाचा शेंडा पांढुरका पडून बधिर झाला तर चोळू नका, लगेच आत जा आणि कोमट हातांनी ऊब द्या. म्हणूनच एकमेकांच्या चेहऱ्याकडे अधूनमधून बघत राहायचं. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही.

कपड्यांबद्दल सगळ्या घरांचं एकमत आहे. अंगालगत सुती बनियन नको, घामानं ओलं झालं की थंडी हाडात शिरते. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारा पार्का. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिट्स जास्त ऊबदार. मुलांना स्नो पँट घ्याच, शाळेत मधल्या सुट्टीत ती लागतेच. भारतातून महागडी जॅकेटं आणू नका, तिकडच्या गुलाबी थंडीसाठी शिवलेली ती जॅकेटं इथं पुरत नाहीत. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये चांगले पार्का आणि स्केट्स निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मुलांचे पाय दरवर्षी वाढतात, तेव्हा नवे स्केट्स घेण्याच्या फंदात पडू नका.

एवढी तयारी झाली की बेसबरोशेजारच्या मीवासिन स्केटिंग रिंकवर या. प्रवेश फुकट, संध्याकाळी झाडांवर दिवे. चाळिशीच्या मराठी माणसाला पहिल्यांदा स्केट्स घालायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. तिथं कोणी बघत नाही, आणि पडलेल्याला हात द्यायला अनोळखी माणूस आपणहून येतो. घसरायची हौस असेल तर डीफेनबेकर पार्कमधल्या ऑप्टिमिस्ट हिलवर ट्यूबमधून उतरा.

आमच्या मते हिवाळ्यातली सगळ्यात सुंदर जागा शहराबाहेर आहे. हायवे २१९ नं दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटांवर बीव्हर क्रीक लागतं. खिशात बिनमिठाच्या सूर्यफुलाच्या बिया ठेवा. झाडीत शिरल्यावर मिट काढून तळहात सपाट धरा, त्यावर चार-पाच बिया ठेवा आणि हलू नका. एखाद-दोन मिनिटांत चिकडी नावाचा छोटा पक्षी येतो: काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल, वजन जेमतेम ११ ग्रॅम. आधी जवळच्या फांदीवर बसून तुम्हाला निरखतो, मग थेट बोटावर उतरतो. नखांची बारीक टोचणी जाणवते, वजन जाणवतच नाही. बी उचलून तो परत फांदीवर जातो, दोन्ही पायांत धरून चोचीनं फोडतो, तोवर दुसरा हातावर हजर. त्याच्या हाकेतलं शेवटचं ‘डी-डी-डी’ जितकं लांबेल तितका धोका मोठा, असं पक्षीतज्ज्ञांनी दाखवून दिलं आहे. उणे १५ पर्यंत हे जमतं, त्याखाली उघडा हात टिकत नाही. इथं आल्यावर बोलेनाशी झालेली मुलं या झाडीत बोलती झाल्याचं एकापेक्षा जास्त आयांनी आम्हाला सांगितलं आहे.

वानुस्केविन

शहराच्या उत्तर वेशीवरचं हे ठिकाण पाहुणे आल्यावर दाखवायची जागा म्हणून ठेवू नका, स्वतःसाठी जा. ज्या जमिनीवर आपण घरं घेतो तिचे मूळ रहिवासी कोण, हे इथं समजतं. ओपिमिहाव ओढ्याच्या या दरीत ६००० वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. उत्तरेच्या मैदानी प्रदेशातल्या निरनिराळ्या जमाती शिकारीसाठी, आसऱ्यासाठी इथं जमत. गवे म्हणजे बायसन, त्यांचे कळप कड्यावरून खाली हाकलायची जागा आजही दाखवतात. टेकाडावर दगडांचं वर्तुळ आहे, मेडिसिन व्हील. ते सुमारे १५०० वर्षांपूर्वीचं आहे. तिथं शांतपणे उभं राहावं, दगडांना हात लावू नये.

२०१९ च्या डिसेंबरात, जवळजवळ दीडशे वर्षांनी, या जमिनीवर बायसन परत आणले गेले. पुढच्या वर्षी, जिथं हे प्राणी धुळीत लोळत होते तिथलं गवत उखडून एक कोरलेला दगड उघडा पडला. मग आसपास आणखी कोरीव दगड सापडले, आणि ते कोरायचं दगडी हत्यारही जवळच मिळालं. हे ऐकल्यावर तो कळप नुसता ‘प्राणी बघायला’ म्हणून बघवत नाही. कुंपणाजवळ आरडाओरडा करायचा नाही आणि खायला घालायचं नाही, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा. आतल्या उपाहारगृहात बॅनक नावाची जाडसर पोळी मिळते. शाकाहारी मंडळींनी ती कशात तळली आहे ते विचारून घ्यावं.

आई-बाबा आल्यावर

मे ते सप्टेंबर हा त्यांचा काळ. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे तुम्ही कामावरून आल्यावरही फिरायला भरपूर उजेड असतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बेसबरोमागची वाट सपाट आहे, बाकही आहेत. फॉरेस्ट्री फार्म पार्कमध्ये सावली आणि छोटं प्राणिसंग्रहालय आहे. इथल्या रोपवाटिकेतून १९१३ पासून उघड्याबोडक्या प्रेअरीवरच्या शेतकऱ्यांना वारा अडवायला झाडं पुरवली जात. आता ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. रिमाई मॉडर्न हे २०१७ साली उघडलेलं कलासंग्रहालय, पिकासोच्या लिनोकट चित्रांचा फार मोठा संग्रह तिथं आहे.

पण शेतीवाडी पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियममध्ये न्या. आत १९१० सालचा एक अख्खा रस्ता छपराखाली उभा केला आहे: बँक, लोहाराचं दुकान, शाळा, किराणा. शेजारच्या दालनात वाफेवर चालणारे अजस्र ट्रॅक्टर आहेत. तिथून बाहेर पडलात की गाडी शेतांकडे वळवा. जुलैत कनोला पिवळाधमक फुललेला असतो, आणि त्याच्या बाजूला बुटक्या, बारीक पानांच्या झुडपांची शेतं दिसतात. ती मसूर. जगात सर्वांत जास्त मसूर निर्यात करणारा देश कॅनडा, आणि त्यातला बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो. इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात या हवेला मानवणारी वाणं काढली, त्यानंतर हे पीक इथं रुजलं. आपल्याकडच्या वाण्याच्या पोत्यातली डाळ अनेकदा याच मातीतून आलेली असते. बांधावर उभं राहून बघा, शेतात मात्र मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका.

जुलैचं दुसरं काम म्हणजे बेऱ्या. ज्या फळावरून शहराला नाव मिळालं ती सस्काटून बेरी स्वतः तोडायला व्हॅली रोडच्या बाजूला मळे आहेत. जांभळट, करवंदाएवढी, आत बारीक बिया, चवीला किंचित बदामासारखी. बादली घेऊन सकाळी लवकर जा, डासांचं औषध लावा, जुने कपडे घाला. साखर कमी घालून लिंबू पिळलेला मुरांबा उत्तम होतो. मे-जूनमध्ये गवतातून फिरून आलात तर घरी आल्यावर मोज्यांपासून केसांपर्यंत गोचीड तपासा. क्रॅनबेरी फ्लॅट्सकडे जाताना तीन-तीन पानांची चकचकीत पॉयझन आयव्ही ओळखायला शिका.

शहराबाहेर

ईशान्येला तासाभरावर बटोश आहे. १८८५ साली लुई रिएल आणि गॅब्रिएल ड्युमाँ या पुढाऱ्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या मेटी या मूळनिवासी समाजाचा इथं सरकारी फौजेपुढे शेवटचा पराभव झाला. चर्चशेजारच्या पाद्र्यांच्या घराच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. नदीकडे बघणारं कब्रस्तान चालायला सोपं आहे. वॉट्रसजवळच्या लिटल मॅनिटू तळ्यात पाणी समुद्रापेक्षा खारट असल्यानं पोहता न येणारी आजीसुद्धा पाठीवर तरंगते. डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, अंगावर ओरखडा असेल तर झोंबतं.

आणि उत्तरेला, साधारण अडीच-तीन तासांवर, प्रिन्स अल्बर्ट नॅशनल पार्क. शेतं मागे पडतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी स्प्रूसचं जंगल सुरू होतं. वास्केसू तळ्याकाठी तंबू ठोकायचा असेल तर अन्न गाडीत बंद ठेवायचं. फोडणीचा वास अस्वलाला लांबवरून येतो, तेव्हा जेवण झाल्याबरोबर भांडी धुवून टाका. पार्क्स कॅनडाच्या ठिकाणी १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट आहे. पीआर मिळून पाच वर्षं झाली नसतील तर कनू हे मोफत अ‍ॅप घ्या. देशभरातली कितीतरी संग्रहालयं आणि उद्यानं त्यावर विनामूल्य बघता येतात. ढगाळ नसलेल्या रात्री तळ्याकाठी जागे राहा, उत्तरेच्या क्षितिजावर ध्रुवीय प्रकाशाचा हिरवट पट्टा दिसू लागला तर मुलांना झोपेतून उठवा. तंबूच्या जागांचं आरक्षण हिवाळ्यातच उघडतं आणि जुलैचे शनिवार-रविवार आधी भरतात. त्यामुळे बाहेर उणे ३० असताना, एखाद्या संध्याकाळी चहा घेत, ते करून टाका.