प्रत्ययांचा गोडवा

लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडीगेट या चार दरवाजांचे रस्ते आपल्या मांडवीत एकत्र येतात. तशाच येथील मुलांच्या बोलण्यात भाषाही एकत्र येतात. एका विद्यार्थ्याने निबंधात 'आंब्याची गोडाश' असे लिहिले, तेव्हा सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. माझी मातृभाषा कोंकणी. लहानपणी मराठी शाळेत 'गोडसाण' म्हणून मीही असाच हशा ओढवून घेतला होता.

विशेषणास प्रत्यय जोडून भाववाचक नाम सिद्ध होते. 'गोड'पासून मराठीत 'गोडवा', कोंकणीत 'गोडसाण'. गुजरातीत 'मीठुं'पासून 'मीठाश'. त्या मुलाने मराठी शब्दास गुजराती प्रत्यय लावला. शब्द चुकला, परंतु शब्द घडविण्याची रीत त्यास उमगली होती.

हीच रीत दूरदेशीच्या भाषांतही आढळते. हंगेरियन भाषेत 'सॉबॉद' म्हणजे स्वतंत्र व 'सॉबॉदशाग' म्हणजे स्वातंत्र्य. पण 'एदेश' म्हणजे गोड, त्याचे मात्र 'एदेशशेग' होते. मूळ शब्दातील स्वरांना अनुसरून प्रत्यय आपला स्वर बदलतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्या भाषेत 'म्वोदी' म्हणजे तरुण, 'म्वोदोश्च' म्हणजे तारुण्य.

परीक्षेत 'गोडवा' असेच लिहावे. परंतु कोणी 'गोडाश' म्हटल्यास हसण्यापूर्वी तो प्रत्यय कोणत्या घरून आला, एवढे अवश्य पाहावे.