पोढी ते नळ : गावाचे पाणी, गावाची जबाबदारी



जुन्नरची लेणी पाहताना आपण स्तूपाला वंदन करतो. पण शेजारी खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे सहसा लक्ष जात नाही. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्याची नोंद येथील लेखात आहे. पाण्याची सोय करणे हे तेव्हा पुण्यकर्म मानले जाई.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस धो-धो पडतो. पण काळ्या कातळात तो फारसा मुरत नाही, उतारावरून वाहून जातो. कुकडीवर माणिकडोह, घोडनदीवर डिंभे अशी धरणे असूनही वरच्या अंगाच्या अनेक वाड्यावस्त्यांत उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट होते.

पाणी जवळ असणे वेगळे आणि ते मिळणे वेगळे, हे आपल्याला महाडने शिकविले. १९२३ चा बोले ठराव कागदावरच होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. हायकोर्टाचा निकाल मात्र १९३७ साली लागला. म्हणून योजना मंजूर झाली एवढ्यावर समाधान मानू नये. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. ते शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या नळाला मिळते काय, हे ग्रामसभेत विचारले पाहिजे.

आपण काय करावे?

१) गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या वस्तीतील महिला असाव्यात. हंडा त्या वाहतात. निर्णयही त्यांनी घ्यावा.

२) विहिरीत हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल पावडर लागते. अर्ध्या तासाने ओटी चाचणी घ्यावी; पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन उरला आहे असे समजावे.

३) शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा. भेगाळ कातळात अंतर आणखी वाढवावे.

४) आम्ही बँकेत काम करतो, म्हणून हिशेबाचे सांगतो. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकते, मोटार बंद पडते आणि बांधलेली टाकी कोरडी राहते. जमाखर्च दरमहा फलकावर लावावा. हिशेब दिसला की लोक पट्टी भरतात.

पोढी कोरणारे गेले, पाणी राहिले. आपल्या गावची टाकी तशी टिकविणे हे आपल्याच हाती आहे.